होळीचे रिंगण आणि तेलाची आग

आमच्या देवणीकडे एकाच तेलाला तीन नावे होती. शाळेच्या पुस्तकात रॉकेल, घरात घासलेट आणि हैदराबादी वळणाचे बोलणाऱ्या जुन्या मंडळींच्या तोंडी मिट्टी का तेल. रॉकेल म्हणजे रॉक ऑइल आणि घासलेट म्हणजे गॅसलाइट, हे मला पुढे कॉलेजात भाषा शिकताना कळले. माझी पिढी या तेलाच्या उजेडात शिकली. चिमणी, कंदील, गॅसबत्ती आणि नंतर पंपाचा स्टोव्ह. या तेलाची भीती वाटत असे आणि त्याच्यावाचून चालतही नसे. आता रेशनच्या दुकानातले ते निळे रॉकेल दिसेनासे झाले आहे. पण त्याची मोठी भावंडे, पेट्रोल आणि डिझेल, रोज हजारो लिटरच्या टँकरमधून आपल्या दारावरून जात असतात.

मी काही विज्ञानाचा शिक्षक नव्हे. आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले. पण एका प्रश्नाने मला या विषयाकडे ओढले.

६ ऑक्टोबर २०१७ च्या संध्याकाळी मुंबईच्या बंदरात जवाहर द्वीप नावाच्या छोट्या बेटावर वीज पडली आणि डिझेलच्या एका अवाढव्य टाकीने पेट घेतला. या बेटाचे जुने नाव बुचर आयलंड. लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या घारापुरीचे हे शेजारी. मोठमोठी जहाजे तेथे तेल उतरवतात आणि ते तेल नळांतून किनाऱ्यावर जाते. आग तीन-चार दिवस धुमसत होती. सुदैवाने एकही माणूस दगावला नाही. टीव्हीवर ती आग पाहताना आमच्या सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत प्रश्न निघाला, "पेटलीय ती टाकी राहिली बाजूला, हे लोक शेजारच्या चांगल्या टाक्यांवर पाणी कशाला मारायलेत?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधता शोधता मी दीडशे वर्षे मागे गेलो. तोच इतिहास आज सांगायचा आहे.

तेलाच्या आगीची मोजणी सुरू झाली ती घरातल्या दिव्यापासून. एकोणिसाव्या शतकात रॉकेलचे दिवे जगभर पसरले, तेव्हा ते फुटून माणसे जळण्याचे प्रकार फार होत. कारण व्यापारी त्यात हलके, लवकर पेटणारे तेल मिसळत. भेसळ तेव्हाही होती! मग चांगले रॉकेल ओळखायचे कसे? इंग्लंडमध्ये फ्रेडरिक एबल या रसायनशास्त्रज्ञाने त्यासाठी एक उपकरण केले. झाकण असलेल्या छोट्या वाटीत तेल घ्यायचे, ते हळूहळू तापवायचे आणि झाकणाच्या फटीतून मधूनमधून एक बारीक ज्योत आत दाखवायची. ज्या तापमानाला वाफेने पहिला लखकन भपका दिला, तो त्या तेलाचा ज्वलनांक. ही चाचणी १८७९ साली तिथल्या पेट्रोलियम कायद्यात आली आणि सीमा ठरली ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या पेट्रोलियम कायद्यात आजही सर्वांत धोकादायक 'अ' वर्गाची सीमा तीच आहे, २३ अंश. पेट्रोल त्या वर्गात येते. रॉकेल आणि डिझेल त्याच्या पुढच्या 'ब' वर्गात. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, हे कितीजणांना ठाऊक असते?

एबलच्या वाटीने तेल पेटेल कधी ते सांगितले. पेटल्यावर त्याची धग किती लांब पोहोचेल, हे मात्र ती वाटी सांगू शकत नव्हती. योग असा की त्याच १८७९ साली ऑस्ट्रियात योझेफ श्टेफान या भौतिकशास्त्रज्ञाने त्याही प्रश्नाची किल्ली शोधली.

ती किल्ली समजायला आपली होळी पुरे. होळी पेटली की आपण भोवती रिंगण करून उभे राहतो. तोंड भाजते, पाठ मात्र गार असते. हवा तापून आपल्यापर्यंत आली असती तर पाठही तापली असती. तापलेली हवा तर सरळ वर जाते आहे, ठिणग्या आभाळात जाताना दिसतात. मग तोंडाला लागते ते काय? ती उष्णता उन्हासारखी येते, मधल्या हवेला फारशी न तापवता. हीच प्रारण उष्णता, साध्या भाषेत धग किंवा झळ. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या सावलीत सरकलात की ती लगेच थांबते. आणि होळी मोठी रचली असेल तर रिंगणही आपोआप मोठे होते. कोणी टेप घेऊन मोजत नाही, कातडीच मोजते.

श्टेफानने सांगितले की ही धग तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. निरपेक्ष मापाने तापमान दुप्पट झाले की धग दुप्पट होत नाही, सोळापट होते. म्हणजे ३०० अंश सेल्सिअसला तापलेला तवा आणि ८७० अंशांची ज्योत यांत आकड्यांचा फरक तिपटीपेक्षा कमी दिसतो, पण तेवढ्याच पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या धगीत सोळापटीचा फरक असतो. याच नियमाने त्याने सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमानही बरेचसे बरोबर काढले. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याचा शिष्य लुडविग बोल्ट्झमन याने या नियमाला सैद्धांतिक आधार दिला.

नियम मिळाला. पण आग म्हणजे तापलेला तवा नव्हे. ती हलते, वाकते, काळी पडते. तिला मोजण्यासाठी कोणीतरी मुद्दाम आगी लावून बघणे भाग होते.

हे काम मोठ्या चिकाटीने केले ते सोव्हिएत रशियातल्या ब्लिनोव आणि खुद्याकोव या दोघांनी. काही मिलिमीटर व्यासाच्या इवल्या वाटीपासून जवळपास २३ मीटर व्यासाच्या हौदापर्यंत, निरनिराळ्या मापांच्या भांड्यांत त्यांनी पेट्रोल, रॉकेल, डिझेल जाळले आणि तेलाची पातळी मिनिटाला किती उतरते ते पाहिले. त्यांचे निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९५९ मध्ये अमेरिकेतल्या हॉटेल या शास्त्रज्ञाने ते इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढे मांडले. निष्कर्ष मोठा गमतीचा होता. भांडे लहान असताना व्यास बदलला की जळण्याचा वेगही बदलतो. पण भांडे साधारण मीटरभराहून रुंद झाले की वेग स्थिरावतो. पेट्रोलचे डबके पाच मीटरचे असो की वीस मीटरचे, पातळी मिनिटाला चार-साडेचार मिलिमीटरच्या आसपास उतरते. कारण मोठ्या आगीत तेलाला वाफ करणारी उष्णता भांड्याच्या काठातून येत नाही, ती वरच्या ज्वाळेच्या धगीतून येते. आग स्वतःच स्वतःला खाऊ घालते.

या एका आकड्याने फार मोठी सोय झाली. डबके किती रुंद आहे ते सांगा, मिनिटाला किती तेल जळेल ते सांगता येते. किती तेल जळते ते कळले की किती उष्णता निघते ते कळते. तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी धगीच्या रूपाने बाजूला फेकला जातो, बाकीची वर जाते.

दुसरी सोय केली एका छोट्या उपकरणाने. १९५३ मध्ये रॉबर्ट गार्डन याने धग मोजण्याचा एक मापक तयार केला. तांब्याच्या गोल नळकांड्याच्या तोंडावर धातूचा अगदी पातळ पत्रा बसवलेला. आगीसमोर धरला की पत्र्याचा मध्य तापतो, कडा मात्र तांब्यामुळे गार राहतात. मध्य आणि कड यांच्यातल्या तापमानाच्या फरकावरून समजते की त्या जागी किती धग येऊन आदळते आहे. मागच्या बाजूने गार पाणी खेळवले की तो जळतही नाही. असे मापक आगीभोवती वेगवेगळ्या अंतरांवर मांडायचे. म्हणजे आपले होळीचे रिंगणच, फक्त माणसांच्या कातडीऐवजी तांब्याचे.

त्यातून जे आकडे आले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. आपल्या मे महिन्यातले दुपारचे ऊन चौरस मीटरला सुमारे १ किलोवॅट असते. ४ किलोवॅटला उघड्या कातडीला साधारण वीस सेकंदांत असह्य वेदना होतात. साडेबाराला लाकडावर एक ठिणगी पडली तरी ते पेट घेते. साडेसदतीसला कारखान्याची लोखंडी यंत्रसामग्री निकामी होऊ लागते. माणूस आणि लोखंड यांच्यात जेमतेम नऊ-दहा पटींचे अंतर आहे!

मोठ्या आगी मोजताना एक कोडे पुढे आले. हिशेबाने मोठ्या आगीची धग जेवढी यायला हवी, तेवढी येत नव्हती. कारण काळा धूर. वीस-तीस मीटरच्या आगीत हवा मध्यापर्यंत पोहोचत नाही, तेल अर्धवट जळते आणि काजळीचा पडदा ज्वाळेला गुंडाळून टाकतो. के. एस. मुदान यांनी १९८४ मध्ये अशा मोजमापांचा विस्तृत आढावा घेतला. स्वच्छ ज्वाळेच्या दर चौरस मीटरमधून शंभरावर किलोवॅट धग निघत असेल, तर धुराने झाकलेल्या भागातून वीसच्या आसपास निघते. आपल्याकडे धूर म्हणजे संकटाची खूण; इथे धूर बघणाऱ्यांवर छत्री धरतो. पण ही छत्री भरवशाची नाही. वारा फिरला, धुराचा पडदा क्षणभर फाटला की आतली लाल ज्वाळा उघडी पडते आणि तेवढ्यात भाजते. वाऱ्याने ज्वाळा आडवी झाली की एका बाजूचे अंतर एकदम कमी होते.

हा वारा, धूर आणि ज्वाळेचा खेळ कागदावरच्या एका सूत्रात मावत नाही. म्हणून संगणक आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००० साली आगीचे अनुकरण करणारी एक आज्ञावली प्रसिद्ध केली आणि ती कोणालाही फुकट वापरता येते. सगळी जागा छोट्या छोट्या चौकोनी खोक्यांत वाटायची आणि प्रत्येक खोक्यात हवा किती, वाफ किती, काजळी किती, धग कुठून आली, कुठे गेली, याचा क्षणाक्षणाचा जमाखर्च मांडायचा. पण संगणकाचा हिशेब बरोबर की चूक, हे शेवटी खऱ्या आगीशी ताडूनच ठरते. जपानमध्ये तोमाकोमाई येथे जानेवारी १९९८ मध्ये २० मीटर व्यासापर्यंतच्या हौदांत कच्चे तेल जाळून अशी मोजमापे घेतली गेली. पाचच वर्षांनी, सप्टेंबर २००३ च्या भूकंपानंतर, त्याच तोमाकोमाईत तेलशुद्धीकरण कारखान्याची एक खरी टाकी ४४ तास जळत राहिली. इतिहास कधी कधी असा पाठोपाठ परीक्षा घेतो.

आता जवाहर द्वीपाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होईल. शेजारच्या टाक्या पेटलेल्या नव्हत्या, पण त्या रिंगणात उभ्या होत्या आणि माणसासारखे दोन पावले मागे सरकणे त्यांना शक्य नव्हते. पत्रा तापला की आतल्या तेलाची वाफ वाढते आणि मग ती टाकीही पेट घेते. म्हणून तिला पाण्याने न्हाऊ घालायचे. आपल्या देशातल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाच्या, म्हणजे १९८६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या, नियमांत याचे माप दिलेले आहे. जळणाऱ्या टाकीच्या मध्यापासून तिची त्रिज्या अधिक ३० मीटर, एवढ्या टापूत येणाऱ्या टाक्यांच्या भिंतीवर दर चौरस मीटरला मिनिटाला ३ लिटर पाणी.

तीन लिटर ऐकायला काहीच वाटत नाही. मी हिशेब केला. ४० मीटर व्यासाची आणि १५ मीटर उंचीची टाकी धरा. तिच्या भिंतीला मिनिटाला साडेपाच हजार लिटरहून जास्त पाणी लागेल. लातूरकरांना २०१६ ची पाण्याची रेल्वे आठवत असेल. मिरजेहून पन्नास वाघिणींत पंचवीस लाख लिटर पाणी यायचे आणि सारे शहर त्याकडे डोळे लावून बसायचे. तेवढे पाणी या एका टाकीला साडेसात तासही पुरणार नाही! जवाहर द्वीपाला चहूबाजूंनी समुद्र होता.

जयपूरला तो नव्हता. २९ ऑक्टोबर २००९ रोजी सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या साठ्यात पेट्रोलची गळती झाली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी पसरते. सुमारे सव्वा तास ती पसरत राहिली आणि मग स्फोट झाला. अकरा माणसे गेली. टाक्यांची आग सुमारे अकरा दिवस चालली. अखेर तेल जळून संपू देणे एवढाच मार्ग उरला. त्यानंतर नेमलेल्या एम. बी. लाल समितीने नोंदवले की ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती. म्हणजे सूत्रे होती, नियम होते. पाळणे राहिले होते.

मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते. अंतर मोजायला माणसाने एवढे कष्ट घेतले, आणि मोजलेले अंतर राखताना मात्र तो ढिला पडतो. मुंबईतल्या माहुल-तुर्भे भागात १९५४-५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, तेव्हा तो शहराबाहेरचा कोळीवाड्यांचा आणि खाडीचा मुलूख होता. नंतर शहर सरकत सरकत कारखान्यांच्या भिंतीला येऊन टेकले. नोव्हेंबर १९८८ मध्ये तिथल्या एका कारखान्यात आग लागून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तरीही विस्थापितांच्या मोठ्या वसाहती पुढे त्याच माहुलमध्ये उभ्या केल्या गेल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे पुन्हा स्फोट झाला, चाळीसहून अधिक लोक जखमी झाले आणि आसपासच्या घरांना हादरे बसले. गरिबाला जागा देताना अंतराचा हिशेब कोणी मांडला होता का, असा प्रश्न पडतो.

आणि आपण देवणीकडची माणसे? आपल्याकडे ना कारखाना, ना साठा. पण रस्ता आहे. माझा एक जुना विद्यार्थी टँकर चालवतो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "गुर्जी, गाडी पलटी झाली की मला उचलायला कुणी येत नाही. लोकं कॅन घेऊन तेलाकडं पळतेत. सांगून सांगून दमलो बघा." तो हसत सांगत होता, मला हसू आले नाही. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानातल्या बहावलपूरजवळ अहमदपूर शरकिया येथे उलटलेल्या टँकरमधले पेट्रोल भरायला गावकरी बादल्या, घागरी घेऊन धावले. भडका उडाला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तीही आपल्यासारखीच साधी गरीब माणसे होती. फुकटचे दोन लिटर कोणाला नको असतात?

म्हणून इतिहासाच्या मास्तराने एक गणित मांडले आहे, ते आपल्या घरातल्या तरुण मुलांना सांगा. समजा टँकर उलटून रस्त्याकडेच्या खड्ड्यात १० मीटर रुंदीचे पेट्रोलचे डबके साचले आणि पेटले. वर सांगितलेल्या वेगाने मिनिटाला साडेतीनशे लिटर पेट्रोल जळेल. त्यातून निघणारी उष्णता सुमारे १९० मेगावॅट, म्हणजे परळीच्या औष्णिक केंद्रातला जुना २१० मेगावॅटचा संच जेवढी वीज देई, जवळपास तेवढी. तिच्यातला तीस टक्के भाग धग म्हणून बाहेर पडला असे धरले, तर ७० मीटरवर ती एका दुपारच्या उन्हाएवढी लागेल. ३५ मीटरवर चौपट, म्हणजे वीस सेकंदांत असह्य. २० मीटरवर अकरा उन्हे. अंतर निम्मे केले की धग चौपट होते, हा हिशेब ध्यानात ठेवा. आणि हे झाले नुसत्या डबक्याचे. टँकरच पेटला असेल तर तो फुटण्याचा धोका असतो. अमेरिका-कॅनडात अग्निशामक दले जी मार्गदर्शिका वापरतात तिच्यात अशा वेळी चारी बाजूंनी ८०० मीटर माणसे हटवा असे लिहिले आहे. आठशे मीटर म्हणजे आपल्याकडच्या लहान गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

पेटण्याआधी तर हा हिशेबही लागू नाही. तेव्हा धग नसते, धूर नसतो, तोंड भाजत नाही, म्हणून कातडी मागे सरका असे सांगत नाही. वाफ मात्र पायाशी पोहोचलेली असते आणि कुणाची तरी बिडी किंवा मोटारसायकलची किक पुरते. अशा वेळी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला जायचे, सखल जागा टाळायची, मोबाइलवर चित्रण करत थांबायचे नाही, आणि लांब गेल्यावर ११२ ला फोन करायचा. ड्रायव्हर अडकला असेल तर त्याला काढायला जाणारा माणूस मी समजू शकतो. कॅन घेऊन जाणाऱ्याला मात्र आपणच हात धरून थांबवले पाहिजे.